शेकाट्याच्या बाजूने काढलेला फोटो

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने हसते. खोटं कशाला बोलू? चकवा, पांढरी साडी, अंगात येणं... सदुसष्ट वर्षांत यातलं मला काही भेटलं नाही, आणि भेटलं असतं तर आधी बसवून चहा पाजला असता. तरी आज लिहितेय, कारण आमच्या घरात एका फोटोची दोन स्पष्टीकरणं फिरतायत आणि मला दोन्ही मान्य नाहीत.

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहतो. मी, मुलगा मंदार आणि सून जुई. हे गेल्यानंतर मंदारचा कपाटात पडून असलेला कॅमेरा मी काढला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. आधी बाल्कनीतली कबुतरं, मग सोसायटीच्या पार्कातले बुलबुल. दोन गोष्टी पक्क्या डोक्यात बसल्या. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर हवा, आणि आपण त्याच्या उंचीवर खाली यायला हवं. उभ्याने काढला की पक्षी ताटात वाढल्यासारखा दिसतो. म्हणून गुडघे कितीही कुरकुरले तरी मी सतरंजी अंथरून जमिनीवर बसते.

हिवाळ्यात नजफगडच्या बाजूला पाणथळीत खूप पक्षी येतात. तिथे मला एकटीने जाऊ द्यायला मंदार तयार नव्हता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण काही उलटसुलट झालं, तर कॅमेरा बंद. बिल्कुल बंद." मी हो म्हटलं. होणार काय होतं?

त्या सकाळी धुकं उठून छान ऊन पडलं होतं. रिक्षावाला वर रस्त्यावर चहा पीत थांबला होता. मी काठावर बसले. समोर पाणी, पलीकडे चिखल, माणूस कुठेच नाही. पाण्यात एक शेकाट्या उभा — काळे पंख, पांढरं पोट, लाल काड्यांसारखे लांब पाय. काढले भरपूर फोटो. मध्येच चष्म्यावर वाफ धरली, म्हणून कॅमेरा मांडीवर ठेवून ओढणीने काचा पुसल्या. तो पक्षी माझ्याकडे बघत होता. बराच वेळ. मग मी कॅमेरा उचलला, आणखी एक काढला, आणि तो उडाला. बस्स. ना आवाज, ना गार वारा, काही नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शेकाट्या, शेकाट्या, तिरका शेकाट्या... आणि मग मी.

सतरंजीवर बसलेली. एका हातात चष्मा, दुसऱ्यात ओढणीचं टोक, आणि कॅमेरा मांडीवर! समोरून काढलेला फोटो, अगदी पाण्याच्या पातळीवरून. खालचा अर्धा भाग धूसर पाणी आणि फोकस माझ्या डोळ्यावर. फाईलचा नंबर ओळीने. पुढचा फोटो पुन्हा शेकाट्याचा.

मंदारचा चेहरा उतरला. "कोणीतरी होतं तिथे, आई."

"पाण्यात बसून? आणि कुठल्या कॅमेऱ्याने? तो तर माझ्या मांडीवर दिसतोय."

जुई हळूच म्हणाली, "बाबा असतील."

"अगं, तुझ्या सासऱ्यांनी जन्मभर फोटोत लोकांची डोकी कापली. हा बघ, पाण्याची रेघसुद्धा सरळ आहे. ते नव्हेत."

मंदारला हसू आलं, पण त्याने कॅमेऱ्याची बॅटरी काढून खिशात घातली. ठरलं होतं आपलं, म्हणाला.

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. घरातल्या सगळ्या फोटोंत मी कुठे आहे ते आठव, म्हटलं. कडेला, वाढताना, नाहीतर नुसता हात आणि त्यात डाव. "इथे मी नुसती बसलेय, मंदार. मला या फोटोची भीती वाटत नाही. तुला वाटते म्हणून मी का घरी बसू?" आणि हात पुढे केला. "बॅटरी दे."

तो फोटोकडे बघत राहिला. मग दिली.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराला मेमरी कार्ड दाखवलं, तो म्हणाला, मॅडम, ऐसा होता नहीं है. ते मलाही माहीत आहे. तुम्ही शांती करा, उतारा काढा असं सुचवणार असाल तर राहू द्या. फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं, आजही नाही.

पुढच्या रविवारी मी त्याच जागी गेले. शेकाटे होते. मी मुद्दाम कॅमेरा मांडीवर ठेवला, चष्मा काढला... आणि या वेळी आधी केस नीट केले.