दोनशे सत्तेचाळीस व्हायरसांची यादी

आमच्या ह्यांनी जन्मभर तहसील कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर घराचीच कचेरी करून टाकली. गॅसचा सिलिंडर आला तरी आवक-जावक वहीत नोंद. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणजे ऐकून घ्यायची सवय मला मुळीच नाही. पण एवढं चालवून घेते.

अकरा वर्षं ते घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. एसटीनं नातेपुते काय, मंगळवेढा काय, कुठल्या कुठल्या म्हाताऱ्यांना गाठायचं, कोण कुणाचा कोण ते विचारून यायचं आणि जुन्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाईप करत बसायचं. प्रत एकच. दुसरी काढून ठेवा म्हटलं तर म्हणायचे, दोन प्रती झाल्या की वाद सुरू होतात. मी त्या फायलीला ‘मेलेल्यांची हजेरी’ म्हणायची. उघडून कधी पाहिली नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात बदलायला ह्यांनी एक दिवस नेटवरून काहीतरी फुकट उतरवून घेतलं. फुकट म्हटलं की आमचे हे लोण्यासारखे पाघळतात. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर पडदा लालभडक आणि वर भोंगा. दोनशे सत्तेचाळीस व्हायरस सापडले म्हणे. लगेच पैसे भरून संरक्षण घ्या, नाहीतर सगळ्या फायली पुसल्या जातील. वर ढालीचं चित्र, खाली गोल शिक्का. शिक्का दिसला की ह्यांना वेदवाक्य. कुलवृत्तांत उघडायला गेलं की ती ढाल आडवी यायची.

ह्यांचा चेहरा उतरला. अकरा वर्षं गेली की गं, एवढंच म्हणाले आणि बँकेचं कार्ड शोधायला लागले. मला तेव्हाच वास आला होता. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? कार्ड मी आधीच ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसलं होतं. कुठं गेलं म्हणून विचारलं तर म्हटलं, वहीत बघा, नोंद असेल.

कार्ड नाही म्हटल्यावर ह्यांनी जे येतं ते केलं. सगळी यादी वहीत उतरवून काढली, अनुक्रमांक घालून. दोन दुपारी गेल्या. व्हायरस लागलेल्या फायली म्हणून यादीत ह्यांची चाळीस जुनी गाणीही होती, ती स्वतःच्या हातानं पुसून टाकली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘कार्यवाही पूर्ण’.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, पुन्हा तपासायला लावा की त्याला, बघू किती कमी झाले. पुन्हा दोनशे सत्तेचाळीस. मी पडद्यावरचं एकेक वाचत गेले, हे वहीत खुणा करत गेले. तीच नावं, तोच क्रम, आणि पुसलेली चाळीस गाणीही जागच्या जागी हजर. ह्यांनी पेन खाली ठेवलं. दुष्काळात पिकांचे किती पंचनामे त्यांच्या टेबलावरून गेले असतील.

“ही पाहणी करून केलेली यादी नाही,” ते म्हणाले. “ही ऑफिसात बसून केलेली यादी आहे.”

तुम्हाला हो कसं इतकं नक्की ठाऊक, असं मी विचारलं, तर चष्मा काढून पुसायला लागले.

मग मी पदर खोचला; शाळेतल्या कॉम्प्युटरांवर हात बसलेला होताच. आधी नेटची वायर उपटली. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला, म्हणजे नेमक्या गरजेच्या गोष्टी तेवढ्या जाग्या होतात, बाकीचा गोतावळा झोपलेला राहतो. कुठला प्रोग्रॅम कधी आला ते तारखेनुसार लावलं. फॉन्टवालं फुकटं आणि ही ढाल, दोघं एकाच दिवशी, एकाच मिनिटाला घरात शिरलेले. दोघांनाही हाकललं. पुन्हा चालू केलं तर ढाल परत हजर, लई चिवट! सुरू होताना आपोआप उठणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं, उरलेलं फोल्डर पुसलं, मग कॉम्प्युटरच्या स्वतःच्या अँटिव्हायरसनं सगळं तपासून घेतलं. त्याला जरा वेळ लागला, पण तो ओरडला नाही.

फाईल शाबूत आहे का ते बघायचा ह्यांना धीर होईना. तूच बघ म्हणाले. मी उघडली आणि माणसाच्या जातीला जागून आधी स्वतःचं नाव शोधलं.

माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि घरात तिचा विषय बंद झाला. लग्नात बदललेलं तिचं नाव तेवढं मला ठाऊक. इथे माझ्या नावाखाली तिचं माहेरचं नाव होतं. सांगोल्याजवळचं तिचं गाव होतं. सातवी शिकलेली, गल्लीतल्या बायकांना त्यांची पत्रं वाचून दाखवायची, असं होतं. खाली नोंद होती: माहिती देणार, शेजारीण, वय अंदाजे नव्वद.

मला पुढचं दिसेना. हे कधी कळलं तुम्हाला, मला का नाही सांगितलं, असं विचारलं.

“साक्षीदार एकच आहे,” ते म्हणाले. “दुसरा मिळाल्यावर सांगणार होतो. चुकीचं निघालं असतं तर तुला पुन्हा…”

मी पडद्यावरचं आईचं ते नाव वाचलं, मग आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं.