हाकेला ओ देणाऱ्या कुसुमताई

कुसुमताईंची माझी पहिली भेट सत्तरच्या दशकातली, सांगलीच्या शाळेतली. त्या नुकत्याच शिक्षिका म्हणून रुजू झाल्या होत्या आणि मी जतहून वसतिगृहात आलेली सातवीतली मुलगी. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि आमची मेंढरे आहेत हे मरेपर्यंत कुणाला सांगायचे नाही, असा माझा खाक्या होता.

ताई तेव्हा मुलांचे नाटक बसवत होत्या. त्यात एक धनगरीण होती. ते काम एका वकिलांची मुलगी करायची. ती काठी आपटत बावळटासारखे बोलायची आणि सगळे पोट धरून हसायचे. मी मेंढी होते. माझ्याइतके हुबेहूब बेंबें कुणालाच जमत नव्हते, पण ते का, हे मी गुलदस्त्यात ठेवले होते.

एकदा तालमीच्या वेळी आई भाकरी घेऊन आली. मैत्रिणीने विचारले, "कोण गं ती?"

"आमच्या गावची बाई," मी म्हणाले.

आईने ते ऐकले. ती दारात बसून तालीम पाहत राहिली. मग ताईंना म्हणाली, "आवं बाई, मेंढरं काठीनं येत न्हाईत, हाकंनं येत्यात. आन् आमी एवढी येडी हाय व्हय?"

दुसऱ्या कुणी तिला बाहेर काढले असते. "चुकलंच माझं," ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या. आपली खुर्ची त्यांनी आईला दिली आणि स्वतः सतरंजीवर बसून हाक शिकल्या. मला एवढेच म्हणाल्या, "गावच्या बाईंना पाणी दे बरं." त्यांना सारे कळले होते. मी आईकडे न बघता तांब्या पुढे केला.

त्या दिवशी धनगरणीचे काम माझ्याकडे आले. वकिलांची मुलगी मेंढी झाली. बिचारी गुडघे सोलवटेपर्यंत रांगली. पुढे नाटकात फौजी असो वा जैन शेतकरी, त्या घरचे माणूस ताई आधी तालमीला बोलवत.

प्रयोगाला मी कानडीत हाक दिली, "बा, बा, बा!" म्हणजे ये, ये, ये. पुढच्या रांगा हसल्या. मी अडखळले. विंगेतून ताईंनी नुसती मान हलवली. मी पुन्हा हाक दिली. माळावर एकीने हाक दिली की दुसरीने ओ द्यायची, ही आमची रीत. मागच्या रांगेतून आईची खणखणीत ओ आली आणि हसणे थांबले. नाटकात नसलेले वाक्य मी बोलले, "ती माजी आई हाय."

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. मीही मुलांची नाटके बसवते आणि तालमीला दाराशी एक खुर्ची मोकळी ठेवते. आई आता नाही. ताई, ठणठणीत राहा, शंभरी गाठा. माझ्या हाकेला ओ देणारे आता तुमच्याशिवाय कुणी उरलेले नाही.