साथ आणणारी

फवारा तोंडावर आला तेव्हा मी कामाचं कार्ड दाखवायला हात पुढं केला होता. डोळ्यांत आग पेटली. बुरखा भिजून अंगाला चिकटला. पिकावर मारायचा पंप सुपरवायझरच्या पाठीला, त्यात जंतू मारायचं औषध. टॉवेल शिवणाऱ्या आम्ही सगळ्या बायका गेटवर रांगेत. बाकीच्यांच्या कपाळाला नुसती तापाची बंदूक लावली आणि आत सोडलं. फवारा माझ्या एकटीला.

"सायेब, मलाच का?"

"तुमच्याच लोकांनी आणली की ही साथ."

लॉकडाऊन उठला, अक्कलकोट रोडवरचे कारखाने सुरू झाले, तो पहिला दिवस. नवऱ्याची रिक्षा दारात उभी, घरात खायचे वांधे. मला ते शिलाईचं मशीन पाहिजेच होतं. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारच्या मशीनवरची लक्ष्मीअक्का, माझ्या डब्यातलं लोणचं मागून खाणारी, तिनं मान फिरवली. मेलीनं बघायचं तरी होतं.

साथ. हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा. सातवीत बाईंनी तो वाक्यात वापरायला सांगितला होता. घरी अम्मी रोज म्हणायची, "मेरे साथ बैठ के खा." म्हणून मी ऐटीत उभी राहिले. म्हटलं, "आमच्या गल्लीत साथ आली आणि सगळ्यांना आनंद झाला."

अख्खा वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या. "अगं, साथ देतात ती सोबत. साथ येते तो रोग. सार्थ म्हणजे तांडा, त्यावरून आलाय शब्द." इथवर ठीक होतं. मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, "बाहेरून तांडे येतात, रोग घेऊन येतात."

माझ्या बाकावरच्या पोरी उठून दुसरीकडं बसल्या. वर्षभर माझं नाव साथ. मी दादाजींना विचारलं, आपण कुठून आलो? "इथल्याच भवानी पेठेतून," ते म्हणाले. त्यांचा कापड विणायचा माग तिथंच होता. मी मात्र वर्गात मान खाली घालून बसायला शिकले.

गेटवर नाही घातली.

"साथ येती, सायेब. कुणी आणत न्हाई. पंप मारायचा तर समद्यांवर मारा. तुमच्यावर पण."

"मराठी शिकवायला लागली बघा ही!" तो हसला. बायका हसल्या. "रोज फवारा घ्यायचा आन आत यायचं. न्हाईतर फूट हितनं."

मी निघाले. डोळे लई दिवस लाल होते. मशीन गेलं, मागनं रिक्षा गेली. तेव्हापासून घरी परकर शिवते. त्यात भागत नाही.

गेल्या महिन्यात तोच सुपरवायझर दारात. मोठी ऑर्डर आलीय, शिवणाऱ्या बायका मिळेनात.

"झालं गेलं सोडा की, भाभी. जरा साथ द्या."

भाभी! गेटवर मी 'ही' होते. आत या म्हटलं नाही. आतल्या फाटक्या चटईवर त्याची नजर गेली. माझी गरज त्याला दिसली, आणि मला ते आवडलं नाही.

"येते," मी म्हटलं. "त्याच गेटवर बायकांची रांग लावा. लक्ष्मीअक्का पुढं. आन मोठ्यानं म्हणा, साथ हिनं आणली नव्हती."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"व्हय. एवढ्याशाच."

हसत गेला. अजून आला नाही. घरात तेल संपलंय, नवरा म्हणतो, जा की, काय बिघडतं? बिघडतं. ते वाक्य त्याच्या तोंडून, त्या गेटवर ऐकल्याशिवाय मी त्याला साथ देणार नाही.