थुंकीच्या नळ्या, टाचेचा थेंब

थुंकी गोळा करण्याच्या नोकरीत किस्सेही गोळा होतात, हे नागपूरहून बंगळूरला येताना मला कोणी सांगितलं नव्हतं. येलहंक्यातल्या एका हॉस्पिटलात आमचा प्रोजेक्ट चालतो. गरोदर बायकांच्या थुंकीत कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, किती आहे ते मोजायचं. बाळ जन्मलं की टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची. आईच्या ताणामुळे बाळाचं शरीर साखर वेगळ्या तऱ्हेने वापरतं का, एवढाच प्रश्न. आम्ही तिघी: डॉक्टर वैदेही मॅडम, निपाणीच्या नर्स शांताक्का आणि मी. नळ्या फ्रीजमध्ये जातात, बाकीचं डबा खाताना निघतं.

*

सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी नळीत थुंकायचं असतं. एक नवरा भरलेली नळी घेऊन आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "ही माझी आहे. तिचा पहाटे कुठे डोळा लागला, उठवावंसं वाटेना."

मॅडम म्हणाल्या, "असं चालत नाही हो. बाळ तिच्या पोटात आहे."

"ते माहीत आहे. पण टेन्शन मला आलंय."

*

सर्जापूर रोडवरून प्राजक्ता यायची. पुण्याची, आयटीत टीम लीड. लॅपटॉप मांडीवर मावेना, म्हणून पोटावर टेकवलेला. "माझा सगळा स्ट्रेस बाळाला जातोय का?" तिने विचारलं.

मॅडमनी समजावलं, "सगळा नाही. मध्ये वार असते, प्लॅसेंटा. ती बरंचसं कॉर्टिसोल अडवते."

प्राजक्ताने विचार केला. "अशी एखादी मॅनेजरच्या आणि माझ्यामध्ये बसवता येते?"

*

आमची एक प्रश्नावली आहे. गेल्या महिन्यात काळजी वाटली का, झोप उडाली का, वगैरे. शांताक्का ती कन्नडमध्ये विचारतात. एका बाईच्या नवऱ्याची नोकरी गेलेली, आई आजारी, घरमालक घर सोडा म्हणतोय. तरी प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच: "स्वल्प." थोडंसं.

शेवटी अक्का म्हणाल्या, "मग जास्ती कधी होतं गं?"

"तुम्ही हे विचारायला लागता तेव्हा."

*

सावित्री अक्कांच्याच निपाणीकडची, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. बाळंतपणासाठी येलहंक्याला आईकडे आलेली. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. पहिल्याच भेटीत तिने मॅडमना विचारलं, "मी रडतो, त्यानं ह्याला काय होतंय का?"

"रडण्याने बाळाला काही झालेलं मी तरी पाहिलं नाही," मॅडम म्हणाल्या. "रडू आलं तर रडून घ्या."

तिने ते मनावर घेतलं. दर वेळी यायची, अक्कांच्या शेजारी बसून रडायची, डोळे पुसून नळी भरायची आणि जायची.

मुलगी झाली. टाचेतून रक्त घेतलं, तर साखर कमी. नवजात बाळांत असं होतं. अंगावर पाजायचं, थोड्या वेळाने परत तपासायचं. मॅडम विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आल्यात. पण त्या पाळण्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पाळण्यापर्यंत फेऱ्या मारत राहिल्या. मी उगाच कापसाचे बोळे नीट लावत बसले. सावित्री तेवढी बाळाला पाजत होती. ती रडली नाही.

परत तपासलं. साखर वर आली होती, अगदी व्यवस्थित. अक्कांनी आकडा मोठ्याने वाचला. मॅडमनी खिडकीचा गज धरला आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

सावित्रीने बाळाला खांद्यावर घेतलं, मॅडमच्या पाठीकडे बघितलं आणि अक्कांना म्हणाली, "अक्का, त्यांना एक नळी द्या की."

अक्कांनी खरंच दिली. मॅडमनी ती उजेडात धरून बघितली.

"कुठपर्यंत भरायची?" त्यांनी विचारलं.