मामांच्याच हाती तापणारी गाडी

"गरम होते हे कळलं हो मामा. कधी गरम होते ते सांगा. उभी असताना, पळताना, का चढाला?"

"चढाला. दवाखान्याच्या चढाला."

"दर वेळी?"

"दर वेळी म्हणजे काय, घड्याळ लावून घ्यावं. अर्धा चढ गेला की काटा लाल पट्टीत."

"आणि बझर वाजतो का तेव्हा? टी टी करून?"

"छे. मेलाय तो."

थंडोबानं कानामागची पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: चढ, लाल, बझर मेला. समोर उभे होते ते त्याचे सासरे. एकतीस वर्षं बस चालवून घरी बसलेले. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्यांना सवय होती, आणि गेली दोनेक वर्षं ती फारच वाढली होती. समोरच्याला उगीच वाटायचं, आपल्या मिशीला काहीतरी लागलंय.

थंडोबा हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. तापलेल्या गाड्या थंड करतो म्हणून गिऱ्हाईक त्याला थंडोबा म्हणायचं, आणि एकेक गाडी थंड करायला दोन दोन दिवस घेतो म्हणूनही थंडोबाच म्हणायचं. एका नावात दोन्ही भागत असल्यामुळे दुसरं नाव ठेवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात त्यानं उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. डाव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंत सालटं निघाली. उस्ताद म्हणाला, "आता शिकलास," आणि चहा प्यायला निघून गेला. तेव्हापासून गाडी आली की थंडोबा आधी तिला निवू द्यायचा. वकील येवो, फौजदार येवो, घाईचं गिऱ्हाईक बाकावर बसून स्वतः निवेपर्यंत तो बॉनेटला हात लावायचा नाही.

पण एकदा त्यानं बोट ठेवलं की ठेवलं. पंप म्हणाला की पंप, थर्मोस्टॅट म्हणाला की थर्मोस्टॅट. गाडीला काही झालं नसेल तर तसं सांगून गिऱ्हाईकाला परत पाठवायचा, आणि गिऱ्हाईक जरा नाराज होऊन जायचं. गॅरेजवर पाटी नव्हती. हीच पाटी होती.

आता मामांची गाडी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मामींच्या किडन्या बसल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात वाजता त्यांना टेकडीवरच्या दवाखान्यात रक्त धुवायच्या मशीनला लावायला न्यावं लागायचं. ते काम मामा करायचे, दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. काल, बुधवारी, गाडी अर्ध्या चढावर वाफा सोडून उभी राहिली. मामी कठड्यावर तासभर बसल्या, तोवर मशीन दुसऱ्या पेशंटला गेलं. आज सकाळी त्यांचे पाय इतके सुजले की चपला अंगठ्याच्या पुढं जाईनात. त्यांचा पुढचा नंबर शनिवारी होता. आज गुरुवार.

थंडोबानं सुरुवात केली. कूलंटची टाकी बघितली, खुणेपर्यंत भरलेली. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइलमध्ये पाणी नाही. झाकणाचं रबर बघितलं. पट्टा दाबून बघितला. रेडिएटरच्या जाळीतून दोन वर्षांचे किडे ब्रशनं काढले. रेडिएटर नवा नव्हता, पण नीट चालवणाऱ्याला पुरेल एवढा जीव त्यात होता. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी झडप, उचकटला आणि घरात जाऊन गॅसवर पातेलं चढवलं. घर गॅरेजच्या पाठीलाच होतं.

बायको मागून आली. "ते दुधाचं पातेलं आहे."

"धुऊन देतो."

"तुमच्या धुण्याला मी ओळखते. मागच्या वेळी चहाला डिझेलचा वास येत होता आणि तुम्ही दोन कप प्यालात."

पाणी उकळलं तसा थर्मोस्टॅट पाकळी उघडावी तसा उघडला. बाहेर काढला, मिटला. परत टाकला, परत उघडला. थंडोबा त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्यात काहीही बिघाड नव्हता, आणि ह्याचंच त्याला वाईट वाटत होतं.

बायकोनं गॅस बंद केला आणि आवाज खाली आणला. "अहो, ऐका जरा. इंजिन गेलं म्हणून सांगून टाका."

"इंजिन चांगलं आहे."

"मग वाईट म्हणा. एक शब्द. तुम्ही म्हणालात की बाबा गाडी विकतील, दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत. आईला मी रिक्षानं नेईन. परवा ट्रकवाल्यानं मागून एवढा हॉर्न दिला, बाबा आपले रस्त्याच्या मधोमध. ट्रकवाला उतरून आला तेव्हा त्याला म्हणतात, काय रे, पत्ता हवाय का?"

"मी गाडीबद्दल खोटं बोलत नाही."

"माझ्याशी बोलता ते?"

"तू गाडी नाहीस," थंडोबा म्हणाला आणि पातेलं घेऊन मोरीकडे गेला. त्या दिवशी बायको त्याच्याशी त्यानंतर बोलली नाही, त्यामुळे पातेल्याचा विषयही मिटला.

दुपारी गाडी जोडून तो एकटाच दवाखान्याच्या चढावर गेला. एसी लावला, कारण मामींना गाडीत घुसमटतं म्हणून मामा एसी लावायचे. डॅशबोर्डवर त्याची नजर होती. काटा मधोमध. वरपर्यंत गेला, खाली आला, परत वर गेला. काटा जागचा हलेना. काटाच खोटा असेल म्हणून त्यानं उतरून तापमान मोजायची बंदूक वरच्या होस पाईपवर धरली, मग खालच्या. काटा खरा निघाला.

राहता राहिला बझर. गॅरेजात येऊन त्यानं सेन्सरची वायर काढून जोडणी केली. बझर असा किंचाळला की समोरच्या शिंप्याच्या हातून कात्री सुटली.

थंडोबा बॉनेटवर कोपर टेकून उभा राहिला. गाडी तापत नव्हती. बझर मेला नव्हता. मामा खोटं बोलणारे नव्हते. ह्यातली कोणतीतरी एक गोष्ट सैल होती, आणि ती कुठल्याच पान्यानं आवळली जाणार नव्हती.

शुक्रवारी सकाळी तो गाडी घेऊन सासऱ्यांच्या दारात गेला. "मामा, चला. तुम्ही चालवा, मी बसतो."

मामांनी शर्टाची वरची गुंडी लावली. पॅसेंजर बसला की ते लावायचेच. गाडी निघाली. सपाटीला ठीक चाललं होतं. दवाखान्याच्या फाट्याला त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि बसच्या दिवसांतली गोष्ट काढली, एका आमदाराला उभ्यानं नेल्याची. इंजिन चढाला लागलं. भरलं. ओरडायला लागलं. आता तिसरा टाकतील म्हणून थंडोबा वाट बघत होता. आमदार बसमधून उतरला, दुसरा गिअर तसाच होता. इंजिन पिठाच्या गिरणीसारखं कोकलत होतं आणि गाडी सायकलवाल्याच्या मागून चालली होती. वारा लागत नव्हता, एसी चालू, काटा मधल्या खुणेवरून उठून पुढं सरकला.

"मामा, तिसरा टाका."

"...तर तो मला म्हणतो, माझं नाव माहीत आहे का."

"मामा, तिसरा."

"म्हटलं, तिकीट दाखवा."

काटा लाल पट्टीला टेकला. बझर वाजायला लागला. थंडोबाच्या कानात दाभण घुसावं तसा वाजत होता. मामांनी काट्याकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "बघ. आता तापली. आणि बघ, बझर मेला तो मेलाच."

थंडोबानं त्यांच्या खांद्याला हात लावून गाडी कडेला घ्यायला लावली. इंजिन बंद झालं. मग तो उतरला, मागच्या सीटवर जाऊन बसला आणि थर्मोस्टॅट तपासावा तसा सासरा तपासायला घेतला. आधी साध्या आवाजात म्हणाला, "मामा, तुमच्या मांडीवर विंचू आहे." काही नाही. जरा चढा आवाज केला. काही नाही. खिडकीकडून उजव्या कानाशी टाळी वाजवली. काही नाही. डाव्या कानाशी जाऊन ओरडला, तेव्हा मामा म्हणाले, "पुटपुटतोस काय, नीट बोल की."

सासरे ऐकत नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना ऐकू येत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकतीस वर्षं ह्या माणसानं गिअर कानानं बदलला होता. इंजिन भरल्याचा आवाज आला की हात आपोआप दांड्यावर जायचा. आता आवाज येत नव्हता, म्हणून हातही जात नव्हता.

गाडी निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसून राहिले. परतताना थंडोबानं चालवली, सरळ गॅरेजात आणून लावली आणि चावी मामांच्या हातात दिली. मामी आणि बायको निकाल ऐकायला दारातच उभ्या होत्या. बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, की एक शब्द, फक्त एक शब्द.

थंडोबाला ही गोष्ट मामांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायची होती. तिथंच अडचण होती. हळू आवाजात सांगता आली असती, तर सांगायची गरजच नव्हती.

"मामा," तो म्हणाला, "गाडीत दोष नाही."

"काय?"

"गाडीत दोष नाही!"

"मग?"

"तुम्हाला ऐकू येत नाही!" शिंप्यानं मशीन थांबवलं. "तुम्ही दुसऱ्या गिअरात चढ चढता! इंजिन ओरडतं ते तुम्हाला ऐकू येत नाही! बझर वाजतो तो ऐकू येत नाही! ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही! एक दिवस मामींना घेऊन दरीत जाल!"

समोरच्या वाण्यानं तराजू खाली ठेवला. गल्लीत एवढी शांतता बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. मामांपुरती ती रोजचीच होती.

मामांनी जावयाच्या तोंडाकडे बघितलं. मग मामींकडे वळले. "खरं सांगतो का हा?"

मामींनी मान हलवली. "दोन वर्षं झाली."

"आई, तुला माहीत होतं?" लेक म्हणाली.

"सोबत राहते, कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू, त्यांना ऐकू येत नाही," मामी म्हणाल्या. "आणि घरात वाद मिटला होता. मला बरं वाटत होतं."

मामा गाडीकडे वळले. त्यांनी टायरला बुटाच्या टोकानं हलकेच मारलं. "म्हणजे गाडीत काही नाही?"

थंडोबानं मान डावी-उजवी हलवली.

"पंप?"

मान.

"हेड?"

मान.

"बघ," मामा लेकीला म्हणाले. "मी म्हणत होतो, गाडी चांगली आहे." त्यांनी खिशातून चावी काढली, तिच्याकडे न बघता जावयाच्या हातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवून वर आपला हात दाबला. हात जरा जास्त वेळ राहिला. मग ते बसच्या डेपोत बोलावं तसं बोलले, "मंगळवार, बुधवार नाही, गुरुवार... अगं, वार सांग याला."

"सोम, बुध, शनि," मामी म्हणाल्या.

"ते. सकाळी सात म्हणजे सात. साडेसहाला गाडी दाराशी पाहिजे, काच पुसलेली. एक मिनिट उशीर चालायचा नाही. मी पुढं बसेन."

थंडोबाचं गॅरेज नऊला उघडायचं आणि त्याचा डोळा आठला उघडायचा. त्यानं तोंड उघडलं. पण आता काहीही म्हणायचं तर सगळ्या गल्लीला ऐकवावं लागणार होतं, म्हणून मिटलं.

सासरे निघाले. मामी दोन पावलं मागून. शिंप्यानं मशीन चालू केलं.

बायको जवळ आली. "इंजिन गेलं म्हणाला असतात, तर मी रिक्षानं नेत होते."

"हं."

"आता बसा पहाटे उठत."

"इंजिन चांगलं आहे," थंडोबा म्हणाला.

"आणि बाबांचा कान दाखवायला कधी नेणार?"

"उद्या दवाखान्यात जातोच आहोत."

"ते रक्ताचे डॉक्टर आहेत."

"कानाचा असेल की कुणीतरी त्याच इमारतीत. विचारू."

दाराशी शाळेची एक व्हॅन येऊन थांबली होती, पुढून पाण्याची धार लागलेली. ड्रायव्हर हातवारे करत काहीतरी सांगत होता. थंडोबानं चावी वरच्या खिशात टाकली, जमिनीवर पोतं अंथरलं आणि व्हॅनखाली सरकला. आतून त्याचा आवाज आला, "पंप आहे. बंद कर आणि बस तिथं."