पासष्टावा बॉल

स्वतःचीच किळस यावी असा प्रसंग माझ्या वाट्याला आला, आणि तो मीच एक ईमेल लिहून ओढवून घेतला.

दामोदर, म्हणजे नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेरे गावातल्या मुलांचा दामूकाका. वडील द हेगला दूतावासात ड्रायव्हर होते, हा जन्मला तिथेच. सगळी क्रिकेट खेळत असताना हा पठ्ठ्या बेसबॉलच्या नादी लागला आणि अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका खालच्या लीगमध्ये पगारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, झाला. चार वर्षांत खांदा गेला. जाणार नाही तर काय! चौदा वर्षांचा असताना कोचने त्याला एका दिवसात दोन सामने बॉल टाकायला लावले होते, आणि वडील कुंपणाशी टाळ्या पिटत होते. आता तो बस चालवतो. चहाचा कप डाव्या हाताने उचलतो.

२०२१ साली करोनामुळे मोठ्यांचे खेळ बंद होते, मुलांना मैदान खुलं होतं. तिथे दामूकाका आमच्या मुलीला, मैत्रीला पिचिंग शिकवायचा. त्याच्या खिशात टिकटिक करणारं मोजयंत्र असायचं. पासष्ट बॉल झाले की पोरगी बाहेर, सामना कुठेही असो.

आत यायला बंदी, म्हणून आम्ही पालक कुंपणाबाहेर. माझा नवरा अनुप प्रत्येक सामन्याचा व्हिडिओ काढायचा, खेळाच्या स्कॉलरशिपसाठी अमेरिकेतल्या कॉलेजांना पाठवायला. बारा वर्षांच्या पोरीचा! जूनमध्ये ऐन मोक्याला काकाने तिला बाहेर काढलं आणि आम्ही हरलो. त्याच संध्याकाळी मी क्लबला लिहिलं: हा माणूस स्वतः हरलेला आहे, मुलांनाही हरायला शिकवतो. चौदा पालकांनी दोन तासांत व्हॉट्सॲपवर होकार दिला. याच लोकांना पॉटलकच्या जेवणाला घरून कोण काय आणणार हे ठरवायला आठवडा लागतो.

काकाला काढलं. नव्या कोचला जिंकायचं होतं, आम्हालाही. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मैत्रीने दोन सामने बॉल टाकले. दोन्ही जिंकलो. रविवारी सकाळी तिचा कोपर सरळ होईना. हाडाची वाढ जिथे होते तिथेच इजा झाली होती. डॉक्टर म्हणाले, हात बरा होईल, पिचिंग विसरा.

रिपोर्ट घेऊन मी काकाच्या दारात गेले. माफी मागायच्या ऐवजी कागद पुढे केला. दीड मीटरवर उभं राहून त्याने तो वाचला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ताई, किती टाकले तिने?"

"मोजले नाहीत."

"व्हिडिओ आहे ना? मग आता मोजा."

घरी येऊन मोजायला बसले. एकशे तेवीसपर्यंत मोजले. पुढे बघवेना. व्हिडिओत एक बाई सारखी ओरडत होती, "अजून एक, मैत्री, अजून एक." आवाज माझाच होता.