हातोड्याचे पोचे

उदगीरच्या त्या डाळमिलचा मालक आठवला की अजून माझं डोकं तापतं. तिथे चुणीच्या, म्हणजे गुरांना घालायच्या डाळीच्या चुऱ्याच्या टाकीसाठी व्हायब्रेटर, म्हणजे टाकी थरथरवून माल खाली पाडणारं यंत्र, निवडून विकायला मी गेलो होतो. चुणी टाकीच्या निमुळत्या तळाशी अडायची आणि एक म्हातारा हमाल बाहेरून हातोडा मारून ती पाडायचा. आधी पत्र्याला कान लावायचा, बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, मग एकच घाव घालायचा. चुणी भसाभसा खाली यायची.

"सगळ्यात मोठा द्या," मालक म्हणाला.

म्हातारा दारातूनच बोलला, "मोठा नगं साहेब. अन् खालची झडप बंद असताना हालवूच नगा. लई घट्ट बसती."

"तू तुझा हातोडा बघ," मालक खेकसला. मीही मोठाच लिहून घेतला. मोठी ऑर्डर कुणाला नको असते?

मोठा बसवला. झडप बंद असतानाही तो चालूच राहिला आणि चुणी दगडासारखी घट्ट झाली. मालकाने शिव्या दिल्या त्या म्हाताऱ्यालाच. तो पत्र्यावरून हात फिरवत मला म्हणाला, "ह्या मशिनीला हालवायला येतंय साहेब, ऐकायला येत न्हाई."

शेवटी मी लहान व्हायब्रेटर आणला. हातोड्याचे सगळ्यात खोल पोचे जिथे होते, तिथेच बसवला आणि झडप उघडली तरच चालेल असा जोडला. टाकी आता अडत नाही. दुसऱ्याच दिवशी मालकाने म्हाताऱ्याला कामावरून काढलं.

आणि माझ्या अहवालात, 'जागा कोणी ठरवली' या रकान्यात, माझं नाव आहे.